१५ यार्डांचा दंड आणि आपला हिशेब

एक छोटा व्हिडिओ अधूनमधून आपल्या ग्रुपांवर फिरत येतो. हेल्मेट घातलेला एक अमेरिकन खेळाडू चेंडू छातीशी धरून धावत येतो, गुडघ्यांवर घसरत थांबतो आणि सजद्यात जातो. पंच पिवळा रुमाल फेकतो. खालचा मजकूर ठरलेला: 'सजदा केला म्हणून अमेरिकेत मुसलमानाला शिक्षा. पुढे पाठवा.' आपण पुढे पाठवतो. कोणी 'माशाअल्लाह' लिहितो, कोणी पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि पाच मिनिटांत सगळे दुसऱ्या व्हिडिओकडे वळतात.

त्या खेळाडूचं नाव हुसैन अब्दुल्लाह. व्हिडिओ पाठवणाऱ्याला विचारून बघा: हा कोण, कुठे खेळायचा, त्या दंडाचं दुसऱ्या दिवशी काय झालं, आणि तिशीत त्याने खेळ का सोडला? उत्तर येत नाही. माझं भांडण नेमकं इथे आहे. या माणसाच्या कारकिर्दीतले काही सेकंद आपण उचलले, कारण त्यात आपल्याला मार खाल्ल्याचं समाधान मिळत होतं. बाकीची वर्षं टाकून दिली, कारण त्यांत आपल्यालाच काही प्रश्न विचारलेले होते.

आधी खेळ समजून घेऊ. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावतात, फेकतात, आणि समोरच्या संघाच्या शेवटच्या पट्ट्यापर्यंत नेतात. त्याला टचडाउन म्हणतात. प्रत्येक संघाचे चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. हुसैन बचावातला 'सेफ्टी'. सगळ्यांच्या मागे उभा राहणारा, बाकीचे चुकले तर शेवटचा आडवा येणारा गडी. पूर्ण वेगाने येणाऱ्या माणसावर पूर्ण वेगाने जाऊन आदळायचं, किंवा हवेतला चेंडू मध्येच पकडायचा, हे त्याचं काम. आपल्या कबड्डीत धावत्या चढाईपटूला कंबरेत घेणारा गडी डोळ्यांसमोर आणा, आणि दोघांमधलं अंतर वीस-पंचवीस यार्ड करा, म्हणजे त्या धडकेची कल्पना येईल.

हुसैनचा जन्म १९८५ चा, कॅलिफोर्नियातला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाकडून खेळला. २००८ च्या निवडीत ३२ संघांपैकी एकानेही त्याचं नाव घेतलं नाही. मिनेसोटा वायकिंग्ज संघाने त्याला नंतर, न निवडलेल्यांच्या रांगेतून घेतलं. अशा खेळाडूची नोकरी रोज धोक्यात असते. सरावशिबिरात एक वाईट आठवडा गेला, तरी सामान बांधून घरी. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा. हा काही करोडोंचा करार खिशात घेऊन दीनदारी दाखवणारा सितारा नव्हता.

आता तो व्हिडिओ. २९ सप्टेंबर २०१४, सोमवारची रात्र, कॅन्सस सिटीचं ॲरोहेड स्टेडियम. हुसैन तोपर्यंत कॅन्सस सिटी चीफ्स संघात आला होता. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि त्यांचा टॉम ब्रेडी, या खेळातला सगळ्यांत गाजलेला चेंडू फेकणारा. चौथ्या सत्रात ब्रेडीने फेकलेला चेंडू हुसैनने मध्येच पकडला, ३९ यार्ड धावत नेला आणि टचडाउन केला. मग सजदा. पंचांनी 'अखिलाडू वर्तन' म्हणून १५ यार्डांचा दंड दिला. सामना चीफ्सने ४१-१४ असा जिंकला.

आपला मजकूर इथे संपतो. खरी गोष्ट इथून पुढे आहे. जमिनीवर पडून जल्लोष करायला त्या लीगच्या नियमांत मनाई होती, पण धार्मिक कृतीसाठी कुणी जमिनीवर गेला, तर त्याला दंड करायचा नाही, ही पद्धतही ठरलेली होती. दुसऱ्याच दिवशी लीगच्या प्रवक्त्याने जाहीर केलं, की हा दंड द्यायला नको होता. आणि खुद्द हुसैन? तो छाती पिटत बसला नाही. दंड बहुधा गुडघ्यांवर घसरल्याबद्दल असेल, असं तो म्हणाला, आणि पुढच्या वेळी आधी थांबून मग सजदा करायला हवा, असंही सांगून मोकळा झाला.

पंचाच्या मनात काय होतं ते अल्लाह जाणे. पण त्या दंडामागे एक आंधळेपणा होता हे मी नाकारत नाही. तीनच वर्षांपूर्वी, २०११ मध्ये, डेन्व्हरचा टिम टीबो मैदानात एका गुडघ्यावर बसून प्रार्थना करायचा, आणि अमेरिकेने त्या बसण्यालाच त्याचं नाव दिलं. पोरं रस्त्यात तसं बसून फोटो काढत होती. ती प्रार्थना आहे हे पंचाला कुणी समजावावं लागलं नाही. कपाळ जमिनीला टेकलं की मात्र ती प्रार्थना आहे हे समजायला एक दिवस जावा लागला. ओळखीची इबादत दिसते, अनोळखी इबादत बेशिस्त वाटते. हा रोग फक्त अमेरिकेचा नाही.

म्हणूनच 'धर्म घरी ठेवा, मैदानात आणू नका' म्हणणाऱ्यांनाही दोन शब्द. अमेरिकन फुटबॉलमध्ये सामना संपला की दोन्ही संघांतले खेळाडू मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून, हात धरून प्रार्थना करतात. वर्षानुवर्षं करतात. ज्याला मैदानात कुठलाच धर्म नको आहे, त्याने त्या गोलालाही हरकत घ्यावी. गोल चालतो, आकाशाकडे बोट चालतं, गळ्यातलं चिन्ह ओठांना लावलेलं चालतं, आणि फक्त सजदा खुपतो, तर त्याला धर्मनिरपेक्षता म्हणू नका.

पण आपल्या मजकुराने जे दडवलं ते जास्त कामाचं होतं. तिथे नियम आधी ठरलेला होता म्हणून चूक दुसऱ्या दिवशी कबूल झाली. मोर्चा लागला नाही, कुणाच्या मेहरबानीची गरज पडली नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हेच सांगतो: रडण्याआधी नियम वाचा. अन्याय झाला असेल तर तो कोणत्या कलमाविरुद्ध झाला हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'आमच्यावर नेहमीच असं होतं' हे वाक्य अर्जात चालत नाही. आपण मात्र व्हिडिओचा पहिला अर्धा भाग मुलांना देतो आणि दुसरा कापतो. मुलं त्यातून काय शिकतात? जग आपल्या विरुद्ध आहे आणि काही करण्यात अर्थ नाही, एवढंच.

आता टाकून दिलेल्या वर्षांकडे येऊ.

पहिली गोष्ट रोजा. या खेळाची सरावशिबिरं जुलैच्या अखेरीस सुरू होतात आणि ऑगस्टच्या उन्हात चालतात. २०१० चा रमजान ११ ऑगस्टला सुरू झाला, म्हणजे ऐन शिबिरात. मिनेसोटाच्या मॅन्काटो गावातल्या त्या शिबिरात हुसैन रोजे ठेवून सराव करत होता. आपल्या भाषणांत ही गोष्ट 'ईमानाची ताकद' एवढ्यावर संपते. प्रत्यक्षात आधीच्या रमजानात त्याचं वजन घटलं होतं, हे संघाच्या लक्षात आलं होतं. मग २०१० मध्ये संघाचे प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ त्याच्याबरोबर बसले. सहरीला काय खायचं, इफ्तारनंतर किती पाणी, झोप किती, याची आखणी झाली. त्याने लपवलं नाही, आणि संघानेही 'एक महिना धर्म बाजूला ठेव' म्हटलं नाही. त्याच मोसमात तो वायकिंग्जच्या बचावातला पहिल्या पसंतीचा सेफ्टी झाला.

यात ताकद आहेच, पण ती आखणीतही आहे. आपल्याकडे शाळेत, कारखान्यात, खेळाच्या मैदानावर रोजेदार पोरगा चक्कर येऊन पडेपर्यंत कुणाला सांगत नाही, आणि पडला की आपण त्याचं कौतुक करतो. मैदानावरच्या सरांना आधी सांगणं, डॉक्टरला विचारणं, वेळ बदलून मागणं, हे आपल्याला ईमानाची कमतरता वाटतं. हुसैनला तसं वाटलं नाही.

दुसरी गोष्ट हज. हज चांद्र कालगणनेप्रमाणे येतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१२ मध्ये तो ऑक्टोबरच्या शेवटी होता आणि अमेरिकन फुटबॉलचा मोसम सप्टेंबर ते जानेवारी. म्हणजे बरोबर मधोमध. हुसैन तेव्हा २७ वर्षांचा. त्याचा मोठा भाऊ हमजा, तोही याच लीगमधला सेफ्टी. दोघांनी २०१२ चा अख्खा मोसम सोडला, अमेरिकेतल्या शहरोशहरीच्या मशिदींना भेटी दिल्या, आणि आई-वडिलांबरोबर हजला गेले.

जरा हिशेब मांडून बघा. 'पुढे कधीतरी सोयीने जाऊ' म्हटलं असतं तर? २०१५ आणि २०१६ चे हज सप्टेंबरात, मोसमात. २०१८ चा ऑगस्टात, शिबिरात. शिबिर सुरू होण्याआधी हज उरकेल असं वर्ष थेट २०२१. आणि या लीगमधली सरासरी कारकीर्द जेमतेम तीन-चार वर्षांची, असं खेळाडूंचीच संघटना सांगते. थांबणं म्हणजे खेळ संपेपर्यंत थांबणं. वर्षभर बाहेर राहिलेल्या, कुणी न निवडलेल्या खेळाडूची वाट बघत लीग बसत नाही. हुसैनला २०१३ मध्ये चीफ्सनी घेतलं. हमजा मात्र २०११ नंतर त्या लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. एकाच हजला गेलेले दोन भाऊ: एकाला काम परत मिळालं, दुसऱ्याला नाही. हमजाचा व्हिडिओ कुणी फिरवत नाही, कारण त्यात चेंडू नाही, पंच नाही, विजय नाही.

आपल्याकडे हज म्हणजे निवृत्तीनंतरचं काम. फंड हातात आला, पोरांची लग्नं उरकली, गुडघे गेले, की मग फॉर्म भरायचा. ऐपत आणि तब्येत दोन्ही असताना जायचं असतं, हे प्रत्येक खुतब्यात ऐकूनही. परतल्यावर दाराच्या पाटीवर 'हाजी' रंगवून घ्यायला मात्र आठवडा लागत नाही. ज्यांची ऐपतच नाही त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. त्यांच्यावर हज फर्ज नाही. मी बोलतोय ते मोसम बुडेल, गिऱ्हाईक तुटेल, बढती हुकेल म्हणून टाळणाऱ्यांबद्दल. सत्ताविसाव्या वर्षी मोसम बुडवणारा माणूस त्यांच्या मोबाईलमध्येच आहे. फक्त त्यांनी त्याचा दुसराच व्हिडिओ जपून ठेवलाय.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोठी. मार्च २०१६ मध्ये हुसैनने खेळ सोडला. वय ३०. कारण: मेंदूला बसलेले हादरे. एक-दोन नव्हे, पाच.

हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदू नाही. धावता माणूस धडकेने थांबतो, तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू हलत राहतो आणि ताणला जातो. असे हादरे वर्षानुवर्षं बसले की मेंदूचा एक असा आजार होऊ शकतो, ज्यात विसराळूपणा येतो, संताप आवरत नाही, उदासी घेरते, आणि खात्रीचं निदान माणूस मेल्यावर मेंदू तपासल्याशिवाय होत नाही. २००२ मध्ये पिट्सबर्गमध्ये माइक वेबस्टर या जुन्या खेळाडूच्या शवविच्छेदनात डॉ. बेनेट ओमालू यांना तो दिसला. २००५ मध्ये त्यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा लीगशी संबंधित डॉक्टरांनीच तो खोडून काढायचा प्रयत्न केला. २०११ मध्ये डेव्ह ड्युअरसन या माजी खेळाडूने आपला मेंदू तपासणीसाठी द्यावा असा निरोप ठेवून जीव दिला. तपासणीत तोच आजार निघाला. ड्युअरसनही सेफ्टी होता. हुसैनचीच जागा.

हे सगळं हुसैनच्या डोळ्यांसमोर घडत होतं. २०११ चा मोसमही त्याला हादऱ्यांमुळेच अर्ध्यावर सोडावा लागला होता. २०१५ मध्ये पुन्हा हादरा बसला. घर चालवण्यासाठी, समाजाच्या उपयोगी पडण्यासाठी डोकं शाबूत हवं, अशा अर्थाचं त्याने निवृत्तीच्या वेळी लिहिलं. पैसा, टाळ्या, टीव्हीवरचं नाव यांना त्याने 'आता बस' म्हटलं.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे आपण दारू आणि तंबाखूच्या व्याख्यानात सांगतो. तुझ्या देहाचाही तुझ्यावर हक्क आहे, ही शिकवण हदीसमध्ये आहे. पण ती कमाईच्या आड आली की आपण विसरतो. वीस तास रिक्षा चालवणारा, पॉवरलूमच्या आवाजात कान घालवणारा, आखाती देशात ४५ अंशांत उभा राहणारा आपला माणूस 'रोजीरोटी आहे' म्हणून गप्प बसतो, आणि आपण त्याला सब्र म्हणतो. त्याच्यापुढे पर्याय नसतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच त्याच्यासाठी बोलणं हे आपलं काम आहे. पण बोलायला आधी दिसावं लागतं, आणि आपली नजर पिवळ्या रुमालावर खिळलेली आहे.

खरा अन्याय बघायचा होता ना? तो तिथेच होता. हजारो माजी खेळाडूंनी लीगवर खटले भरले. २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली आणि पुढे ती मर्यादाही काढावी लागली. पण भरपाई ठरवताना काय व्हायचं? काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळातच कमी होती असं गृहीत धरणारे मापदंड त्यांच्या चाचण्यांना लावले जायचे. म्हणजे तेवढेच गुण पडले तरी गोऱ्याचा मेंदू बिघडलेला ठरणार आणि काळ्याचा 'पहिल्यापासून असाच' ठरणार. २०२० मध्ये दोन काळ्या माजी खेळाडूंनी याविरुद्ध दावा लावला, २०२१ मध्ये लीगने ही पद्धत बंद करण्याचं कबूल केलं. हुसैन काळा आहे आणि पाच हादरे सोसून बाहेर पडला आहे. हा अन्याय त्याच्यासारख्यांच्या वाट्याचा होता. १५ यार्डांपेक्षा कितीतरी मोठा, वर्षानुवर्षं चाललेला, कागदावरचा. यावर 'पुढे पाठवा' असा एक तरी मजकूर तुमच्याकडे आला? नाही आला, कारण त्यात बळी 'मुसलमान' म्हणून नव्हता, 'काळा' म्हणून होता. अन्यायावर बोलायला आधी आपला शिक्का लागतो, ही आपली खोड आहे.

आणि हुसैनचं नाव घेऊन आपण आपल्याच माणसांना कसं झोडपतो, तेही सांगून टाकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या वानखेडेवर मोहम्मद शमीने श्रीलंकेचे पाच गडी बाद केले आणि दमून गुडघ्यांवर बसला. लगेच सीमेपलीकडून आणि अलीकडूनही हिशेब सुरू: सजदा करणार होता, घाबरला. सजदा करायचाच असता तर मला कोण अडवणार होतं, अशा शब्दांत शमीला पुढे स्पष्ट करावं लागलं. मार्च २०२५ मध्ये दुबईच्या सामन्यात तो काहीतरी प्यायला, तर एका मौलानांनी त्याला शरियतचा गुन्हेगार ठरवलं. मुसाफिराला सवलत आहे हे कुराणच सांगतं, तरी. मग हुसैनचा दाखला: 'तो बघा, अमेरिकेत राहून रोजे ठेवतो.' एका माणसाची इबादत दुसऱ्याच्या पाठीवर मारायची काठी झाली. हुसैनने कुणावर बोट रोखलं नव्हतं. स्वतःचा हिशेब स्वतः केला, किंमत स्वतः मोजली.

एकीकडचे म्हणतात सजदा का केला, दुसरीकडचे म्हणतात का केला नाही. दोघांना खेळाडू नको आहे, झेंड्याची काठी हवी आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. तो व्हिडिओ पुन्हा आला तर पुढे पाठवण्याआधी त्यात तीन ओळी जोडा: लीगने दुसऱ्या दिवशी चूक मान्य केली, या माणसाने हजसाठी आख्खा मोसम सोडला, आणि डोकं शाबूत राहावं म्हणून तिसाव्या वर्षी खेळ सोडला. तीन ओळी जोडायचा कंटाळा येत असेल, तर पाठवू नका. मैदानात डोक्याला मार लागलेल्या पोराला 'मर्द बन, खेळ' म्हणण्याऐवजी बाहेर बसवा आणि दवाखान्यात न्या. रोजेदार पोराला वेळ बदलून मागायला शिकवा. आणि कुठल्याही खेळाडूचं कपाळ जमिनीला किती वेळा टेकलं हे मोजणं बंद करा. ते मोजणारा वर बसलेला आहे, त्याला आपल्या मदतीची गरज नाही.